वासाचा रकाना

नेवासकर डॉक्टर दिवसातून पन्नास वेळा एकच वाक्य बोलत. "चला, आता मागं बघू." पेशंट कानाचं दुखणं घेऊन येवो, घशाचं घेऊन येवो, नाहीतर नुसतंच डोकं धरून येवो, पुढून सगळं तपासून झालं की डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवत, एक सुस्कारा टाकत आणि हे वाक्य म्हणत. नवीन पेशंट ते ऐकून स्टुलावर फिरून पाठ करून बसे. मग त्याला खांद्याला धरून सरळ करायचं काम माझं. डॉक्टरांचं 'मागं' म्हणजे नाकाच्या मागं. पडजिभेच्या वर, जिथं नाक संपतं आणि घसा सुरू होतो, तिथं एक छोटीशी अंधारी जागा असते. नाकात पुढून डोकावलं तर ती नीट दिसत नाही आणि तोंड उघडून बघितलं तरी दिसत नाही. "आपण माणसाचं घर ओसरीवरून बघतो आणि झाडलेलं आहे म्हणतो," डॉक्टर म्हणायचे. "केर सगळा मागच्या खोलीत असतो."

ती जागा बघायला त्यांच्याकडे लांब दांडीचा एक इवलासा गोल आरसा होता. स्पिरिटच्या दिव्यावर तो जरा गरम करायचा, म्हणजे श्वासाची वाफ धरत नाही. मग पेशंटला भाजू नये म्हणून आधी स्वतःच्या डाव्या हाताच्या पाठीला लावून बघायचा. वर्षानुवर्षं हे केल्यानं त्यांच्या त्या हातावर, अंगठ्याच्या मुळाशी, एक तपकिरी डाग कायमचा पडला होता. संगमनेरला आमच्या दवाखान्यात दुर्बीण होती, स्क्रीन होता, सगळं होतं. पण आरसा काही सुटला नाही. "दुर्बिणीला वीज लागते," एवढंच कारण ते देत.

मी त्यांच्याकडे एकोणीस वर्षं सिस्टर होते. त्या एकोणीस वर्षांत मी त्यांना ताजंतवानं असं एकदाही बघितलं नाही. सकाळी साडेनऊला यायचे तेच मुळी दिवस संपल्यासारखे. दोन पेशंटच्या मध्ये डोळे मिटून मान मागं टाकून बसत. मी मनात दहा मोजायची आणि मग पुढचं नाव पुकारायची. चुकून नऊलाच पुकारलं तर डोळे न उघडता म्हणत, "सिस्टर, एक राहिला." चहा मागवत आणि तो टेबलावर साय धरेपर्यंत विसरत. तापट होते. हट्टी होते. औषध कंपनीच्या लोकांना तासन्‌तास बाहेर बसवून ठेवत आणि बायकोचा फोन मला उचलायला लावत. गेलेल्या किंवा निवृत्त झालेल्या डॉक्टरांबद्दल बोलताना लोक लगेच देवमाणूस हा शब्द पुढं करतात. मला तो यांना चिकटवता येत नाही. माणूसच होते, आणि फार दमलेले माणूस होते.

कापाकापीची तर त्यांना मुळीच हौस नव्हती. पुणतांब्याचे एक निवृत्त गुरुजी एकदा आले होते. मान दुखते म्हणून कुणीतरी त्यांचा एमआरआय काढला होता. मानेचं राहिलं बाजूला, रिपोर्टात खाली एक ओळ होती की नाकाच्या मागच्या भिंतीवर मधोमध एक सिस्ट दिसते, म्हणजे पाण्याची गाठ. गुरुजींनी त्या ओळीखाली लाल शाईनं रेघ ओढली होती, जन्मभराच्या सवयीनं. बरोबर दोन मुलगे आणि एक जावई. गुरुजी खुर्चीत बसले ते सगळ्यांचा निरोप घ्यायला आल्यासारखे.

डॉक्टरांनी मागं बघितलं, फिल्म उजेडात धरली आणि विचारलं, "गुरुजी, ही गाठ तुम्हाला काही म्हणते का?"

"म्हणजे?"

"घशात मागून काही उतरतं? तोंडाला घाण चव? डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका? कानात दडा?"

"नाही."

"ती तुम्हाला काही म्हणत नाही ना? मग तुम्हीही तिला काही म्हणू नका. आईच्या पोटात आपला कणा तयार होतो, तेव्हाचा एक धागा तिथं राहून जातो. कुणाकुणात त्याची पिशवी होते. जन्मभर पडून राहते बिचारी. तुमच्याबरोबर आली, तुमच्याबरोबर जाईल."

"पण साहेब, काढूनच टाकली तर?" जावयानं तोंड घातलं.

"जावईबापू, झोपलेल्या माणसाला हलवून उठवायचं आणि विचारायचं का, झोप लागली का म्हणून?"

गुरुजींना हायसं वाटायला हवं होतं. पण ते चक्क खट्टू झाले. एवढ्या लांबून यायचं आणि एक गोळीसुद्धा मिळू नये! जाताना मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "सिस्टर, हे डॉक्टर पास आहेत ना?" मी म्हटलं, "फर्स्ट क्लास."

आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, आम्ही राजूरला जायचो. बाजारपेठेतल्या एका मेडिकलच्या मागं एक खोली होती, तिथं टेबल, स्टूल, स्पिरिटचा दिवा आणि मी. डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांवरून लोक बाजाराला उतरत, मीठमिरची घेत आणि जाता जाता कान दाखवत. डॉक्टर गाडी स्वतः चालवत. घाटरस्त्याला लागलं की माझ्या तोंडी प्रार्थना सुरू व्हायची. "सिस्टर, तुमचा देव आणि माझे ब्रेक, दोन्ही शाबूत आहेत," असं म्हणून ते आणखी जोरात हाणत. तिथलं काम म्हणजे कानातला मळ, पोरांनी नाकात घातलेले हरभरे आणि सर्दी. कंटाळवाणं काम. पण तो दिवस त्यांनी कधी चुकवला नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी डॉक्टर आजारी पडले, बरे झाले आणि पंधरा दिवसांत परत कामाला लागले. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, एका दुपारी, संगमनेरच्या दवाखान्यात मागच्या ओट्यावर दूध तापत ठेवलेलं होतं. डॉक्टर ओट्याकडे पाठ करून पेपर वाचत बसले होते. मला पार वॉर्डाच्या टोकाला करपट वास आला म्हणून मी धावत गेले. पातेलं काळं ठिक्कर पडलेलं, आणि हाताच्या अंतरावर डॉक्टर शांतपणे पान उलटतायत. मी गॅस बंद केला. त्या आवाजानं त्यांनी मान वळवली. पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कधीपासून, सर?" मी विचारलं.

"आजारी पडलो तेव्हापासून."

"येईल हो परत."

"आठ महिने झाले, सिस्टर."

कोरोनात वास गेलेले किती पेशंट त्यांनी तपासले होते! प्रत्येकाला ते सांगत, लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक हुंगत जा. नंतर त्यांच्या ड्रॉवरमध्ये मला तशाच चार बाटल्या सापडल्या. चारही कोरड्या पडलेल्या. म्हणजे त्यांनी नेटानं केलं होतं आणि मग सोडून दिलं होतं. त्या बाटल्या बघून मला जेवढं वाईट वाटलं, तेवढं ते करपलेल्या दुधापाशी बसले होते तेव्हाही वाटलं नव्हतं.

"कुणाला बोलू नका," एवढंच ते म्हणाले. "नाकाच्या डॉक्टरलाच वास येत नाही म्हटल्यावर..."

पण आमच्या कामात वासाशिवाय भागत नाही. एका नाकपुडीला सडका वास असला की पोरानं काहीतरी आत घातलंय, हे दारातच कळतं. घशाचा वास वेगळा, कानाच्या पुवाचा वेगळा. तेव्हा आम्ही दोघांनी एक युक्ती काढली. काढली म्हणजे काय, बोलून ठरवलीच नाही, आपोआप बसली. मी त्यांच्या उजव्या हाताला ट्रे घेऊन उभी राहायची. वास थोडा असेल तर ट्रेच्या कडेवर एक बोट ठेवायचं. जास्त असेल तर सगळा पंजा. नसेल तर हात पाठीमागं. डॉक्टर पेशंटजवळ वाकून श्वास घेतल्यासारखं करत, तिरक्या डोळ्यानं ट्रेकडे बघत आणि म्हणत, "हं." दीड वर्ष हे बिनबोभाट चाललं. ही फसवणूक होती, मला कळत होतं. पण इतकी छान जमली होती की मला तिचा अभिमानही वाटायचा, हेही सांगून टाकते.

मग माझ्या भाचीचं लग्न निघालं, नेमकं राजूरच्या बाजाराच्या दिवशी. मी रजा मागितली. "जा की," डॉक्टर म्हणाले. "एका दिवसानं काय होतंय?"

त्या दिवशी तिथं मंदा आली.

त्या दिवसाचं मी सांगते ते नंतर तिच्याकडून आणि डॉक्टरांकडून ऐकलेलं. डोंगरावरच्या एका वाडीत दिलेली, तिशीच्या आतबाहेरची बाई. तोंडावर पदर गच्च धरून ती स्टुलावर बसली आणि डॉक्टरांकडे न बघता भिंतीशी बोलल्यासारखी बोलायला लागली.

"माज्या तोंडाला वास येतो म्हनत्यात. चार वर्सं झाली. सासूबाई चुलीपाशी बसू देत न्हाईत. मी पंगतीला बसले का समदे ताटं घिऊन बाहीर जात्यात. पोरगी निजाय आली तर म्हनती, आई, तिकडं तोंड कर. माला तर काय बी कळत न्हाई, डाक्टर. खरं हाय का ते, तेवढं सांगा."

डॉक्टर तिच्याजवळ वाकले. श्वास घेतला. त्यांना अर्थातच काही आलं नाही. ट्रे नव्हता, पंजा नव्हता. दात बघितले तर स्वच्छ. जीभ दाबली तर तिला उमासा आला. बाहेर रांग लागलेली. आणि मागं बघितल्याशिवाय जो माणूस कुणाला दारातून सोडत नसे, त्यानं त्या दिवशी आरसा गरमच केला नाही.

"वास नाही," ते म्हणाले.

मंदानं पहिल्यांदा मान वळवली. "तसं लिवून द्या मंग. घरी दावते."

आणि डॉक्टरांनी लिहून दिलं. छापील कागदावर, तारखेसह, सहीशिक्क्यासह. 'तपासले. तोंडाला व नाकाला दुर्गंधी आढळली नाही.'

का लिहिलं, हे मी त्यांना पुढं एकदा रागानंच विचारलं. "मला वाटलं, सासू छळतेय," ते म्हणाले. "छळायला कारण कुठं लागतं? म्हटलं, माझ्या सहीनं एका बाईचं घर राहत असेल तर राहू दे." मग चष्मा काढून पुसायला लागले. "आणि खरं सांगू का? मला वास येत नाही, हे आणखी एका माणसाला सांगायचा कंटाळा आला होता, सिस्टर."

सहा महिन्यांनी मंदा परत आली तेव्हा मी होते. ती दारात आली मात्र, माझा हात आपसूक ट्रेवर पडला, सगळा पंजा. इतका दाट, कुजका वास मी फार दिवसांत घेतला नव्हता. डॉक्टरांनी माझा हात बघितला. मग तिला बघितलं आणि ओळखलं. तिनं कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"ही तुमची चिठ्ठी. सासूबाईंनी मास्तरकडून वाचून घेतली. म्हनल्या, त्या डाक्टरला नाक न्हाई का? खोटं लिवून आनलंस म्हनून माला माहेरी धाडली. पोरगी ठिवून घेतली."

डॉक्टर स्वतःच्या सहीकडे बघत राहिले. मी फरशीकडे. मग ते उठले, खोलीचं दार त्यांनी स्वतः लोटलं आणि येऊन बसले.

"मंदाबाई, तुमच्या सासूबाई बरोबर बोलल्या. मला नाक नाही. कोरोनापासून मला कसलाच वास येत नाही. तुम्ही आलात त्या दिवशी मी वास न घेताच लिहून दिलं. तुम्हाला वास आहे. सिस्टरना आत्ता आला."

आता ही बाई ओरडणार, असं मला वाटलं. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती नुसती म्हणाली, "म्हंजी येतो?"

"येतो."

"खरंच येतो?"

"हो."

तिनं पदर तोंडावरून हळूहळू खाली घेतला. "बरं झालं," ती म्हणाली. "घरचे म्हनायचे येतो, कागूद म्हनायचा येत न्हाई. माला वाटाया लागलं व्हतं का मी येडी झाले." आणि मग ती रडली.

डॉक्टरांनी दिवा पेटवला. आरसा गरम केला आणि हाताच्या पाठीला लावला. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून धरला, ते मी बघितलं. "चला," ते म्हणाले, "आता मागं बघू. तोंड उघडं ठेवायचं आणि श्वास नाकानं घ्यायचा. उमासा आला तर माझा हात धरा." तिला उमासा आला, तिनं हात धरला, त्यांनी थांबून पुन्हा केलं. तिसऱ्या खेपेला दिसलं.

"सिस्टर, लिहा. मागच्या भिंतीवर, मधोमध, द्राक्षाएवढा गुळगुळीत उंचवटा. मध्ये छिद्र. छिद्रातून पिवळं येतंय, भोवती खपली."

गुरुजींची होती तीच पिशवी. त्यांची झोपून होती, हिची नासली होती. छिद्रातून थेंब थेंब घशात उतरत होतं आणि साडेचार वर्षं ही बाई दात घासून घासून हिरड्या सोलत होती. डोक्याच्या मागं दुखतं का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "दुखतं की. पर ते वज्यानं दुखत आसंल." डोक्यावरच्या हंड्याचं दुखणं म्हणून तिनं तेही अंगावर काढलं होतं.

डॉक्टरांनी तिला समजावलं ते तिच्याच घरातल्या वस्तूंनी. "रांजणाचं तोंड बारीक असलं आणि आत हात जात नसला, तर पाणी नासतं ना? सुईनं नुसतं पाणी काढलं तर तो पुन्हा भरणार. आपण रांजणाचं तोंडच मोठं करून टाकू. पुढची भिंतच काढू. मग आत काही साठायचं नाही. कॅन्सरबिन्सर काही नाही हा." पण त्याआधी एमआरआय हवा, यावर ते अडून बसले. त्या जागी कधीकधी मेंदूकडून उतरलेली पिशवी असते, तिला हात लावला तर जिवाशी खेळ. फिल्मला नगरला जावं लागलं. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण मंदा आणि तिचा भाऊ नगरच म्हणत गेले आणि नगरच म्हणत आले. फिल्म चांगली निघाली. पिशवी एकटी होती, वर कुठं वाट नव्हती.

ऑपरेशन संगमनेरला झालं, भूल देऊन, नाकातून दुर्बीण घालून. डॉक्टरांनी पिशवीची पुढची भिंत कापली आणि आतलं घट्ट, पिवळं बाहेर आलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मास्कवर हात दाबून तोंड फिरवलं. मी श्वास धरून ते ओढून घ्यायची सक्शनची नळी पुढं केली. नेवासकर डॉक्टर तेवढे त्यावर शांतपणे वाकलेले. "आज एवढा तरी फायदा झाला," मास्कमधून ते म्हणाले.

दीड महिना मंदा माहेराहून येत होती, मिठाच्या पाण्यानं नाक धूत होती. दर खेपेला मी तिच्या तोंडाशी नाक नेऊन बघायची. वास कमी झाला, मग गेला. मला वाटलं, संपलं आपलं काम. तर डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, उद्या वाडीवर जायचं."

"तिचा भाऊ सोडून येईल की तिला."

"चिठ्ठी भावानं नव्हती दिली."

डांबरी संपली तिथं गाडी लावली आणि चढ सुरू झाला. मंदा गाठोडं घेऊन पुढं, मी मध्ये, डॉक्टर मागं. अडुसष्ट वर्षांचा माणूस. जो दगड दिसेल त्यावर बसायचा. मला त्यांचा राग येत होता आणि पुढचा सपाट दगडही मीच त्यांना शोधून देत होते. वर पोचलो तेव्हा सासू, भागाबाई, अंगणात भात वाळत घालत होती. मंदाचा नवरा खांबाला टेकून उभा राहिला. पोरगी शाळेत गेलेली. भागाबाईनं घोंगडी टाकली, पण डॉक्टर बसले नाहीत. धाप लागलेली असताना, उभ्याउभ्याच बोलायला लागले.

"मी राजूरला बसतो तो डॉक्टर. हिला चिठ्ठी दिली होती, ती खोटी होती. मला वास येत नाही. वास न घेता मी लिहिलं."

भागाबाईनं हातातलं भात खाली टाकलं. "म्हंजी मी खरी व्हते."

"हो."

"आन् ही बी लबाड नव्हती."

"नाही. तिनं मी लिहिलेलंच दाखवलं."

"मंग लबाड कोन?"

"मी," डॉक्टर म्हणाले.

एवढ्या मोठ्या माणसाला स्वतःलाच लबाड म्हणताना ऐकून मंदाचा नवरा खांब सोडून सरळ उभा राहिला. डॉक्टरांनी पिशवीचं, ऑपरेशनचं थोडक्यात सांगितलं आणि म्हणाले, "आता तो वास गेलाय."

"तुमी कशावरनं सांगता?" भागाबाई म्हणाली. "तुमाला तर नाक न्हाई."

"म्हणून तर इथं आणलंय तिला. तुम्हीच बघा."

भागाबाई पदराला हात पुसत पुढं आली. सुनेची हनुवटी धरली. "हां कर." मंदानं केलं. "आनखी." मंदानं पुन्हा केलं. तिचे डोळे मिटलेले होते. त्या क्षणी मी जेवढी मनातून प्रार्थना केली तेवढी घाटात कधी केली नसेल. माझं नाक चुकलं असेल तर? सकाळी तिनं काही वेडंवाकडं खाल्लं असेल तर? भागाबाईनं हनुवटी सोडली. माघारी जाऊन भातापाशी बसली, सूप उचललं आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "पाव्हन्यास्नी चहा टाक."

मंदाला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि ती आत गेली. आतून लाकडं सारल्याचा, मग फुंकणीचा आवाज आला. जवळजवळ पाच वर्षांनी ती त्या चुलीपाशी बसली होती. डॉक्टर घोंगडीवर टेकले, चष्मा काढला, डोळे मिटून मान खांबाला टेकवली. मी सवयीनं दहा मोजले. मग आणखी दहा मोजले. चहा आला तेव्हा त्यांना हाक मारली. इतक्या वर्षांत मी त्यांना एक कप चहा शेवटच्या घोटापर्यंत पिताना पहिल्यांदा बघितलं.

वाडीवर सांगितलं म्हणजे बाजारात सांगितल्यासारखंच. पुढच्या आठवड्याला मेडिकलपुढची रांग निम्मी झाली होती. "नाकाच्या डाक्टरलाच नाक न्हाई," असं लोक हसून म्हणत, आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणत. डॉक्टरांनी खुलासे केले नाहीत. उलट नवे केसपेपर छापून घेतले. त्यात दोन रकाने जास्तीचे. 'वास', आणि त्याच्या शेजारी 'कोणी घेतला'. तिथं मी माझं नाव लिहायचं. शिवाय दर पेशंटला आधीच सांगायचे, "मला वास येत नाही. सिस्टर बघतील. चालेल ना?" काही जण उठून जात.

"एवढं उघडं करायची काय गरज होती, सर?" मी एकदा वैतागून म्हटलं. "आपलं बरं चाललं होतं की."

"चोरून करायला फार ताकद लागते, सिस्टर," ते म्हणाले. "माझ्याकडे राहिली नाही."

वर्षभरानं त्यांनी राजूरची खोली सोडायचं ठरवलं, संगमनेरचं तर त्याआधीच बंद केलं होतं. राजूरच्या शेवटच्या बाजाराला सात पेशंट आले. सातवी मंदा. बरोबर तिची पोरगी, दोन वेण्या घातलेली, शाळेच्या गणवेशातच. मंदा स्टुलावर बसली ती सरळ डॉक्टरांकडे तोंड करून. डॉक्टरांनी आरसा गरम केला, हाताला लावला, मागं बघितलं.

"सिस्टर, लिहा. मागं स्वच्छ."

मी लिहिलं आणि वास घ्यायला तिच्याकडे वाकले. तेवढ्यात डॉक्टरांनी हात वर केला. "थांबा." मग पोरीला जवळ बोलावलं. "बाळ, तू सांग. आईच्या तोंडाला वास येतो का?"

पोरीनं आईकडे बघितलं. मंदाचा हात सवयीनं पदराकडे गेला. "राहू द्या," डॉक्टर म्हणाले. मंदानं हात मांडीवर ठेवला. पोरगी पुढं झाली, दोन्ही हातांनी आईचे गाल धरले, ओठांना नाक लावलं आणि चांगला लांब श्वास घेतला.

"च्याचा येतो," ती म्हणाली.

मंदा हसली. डॉक्टर खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "सिस्टर, लिहा."

मी वासाच्या रकान्यात लिहिलं, 'चहाचा'. शेजारी, कोणी घेतला त्या रकान्यात, 'मुलगी, इयत्ता दुसरी'. कागद त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, दोन्ही रकाने दोनदा वाचले आणि खाली सही केली. त्यांच्या हातची मी बघितलेली शेवटची सही ती.